नत्थुजींचं नाक

तेल्हाऱ्याहून अकोटकडे निघालं की एका फाट्यावरून आत वळायचं, तिथे नत्थुजी अढाऊंचं गाव. मारोतीच्या देवळामागे मोकळं पटांगण आहे आणि त्याच्या एका कोपऱ्यातली माती कायमची राखाडी होऊन गेली आहे. दत्तजयंतीला आणि हनुमान जयंतीला तिथे गवऱ्या रचून पेटवतात आणि त्यांच्या आरात, म्हणजे धगधगत्या निखाऱ्यांत, अख्ख्या गावाचे रोडगे भाजतात. जाडसर दळलेली कणीक, तेलाचं मोहन, ओवा, आणि पदरावर पदर चढवत वळलेला मुठीएवढा गोळा. बाहेरून जळकट दिसला तरी चालतो, आतून मात्र पदर सुटलेला हवा. सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. हा स्वयंपाक पुरुषांनी करायचा. बायकांनी कणीक चाळायची, वांगी चिरायची आणि आराच्या अलीकडे थांबायचं. असं का, ते कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही.

दुसरा नियम त्याहून कडक. देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत कोणी काही चाखायचं नाही. जिभेला लागलं की ते उष्टं. आता एवढ्या मोठ्या गंजातल्या, म्हणजे पातेल्यातल्या, भाजीत मीठ बरोबर पडलं की नाही, हे न चाखता कसं समजावं? त्यासाठी गावाकडे नत्थुजींचं नाक होतं.

नत्थुजी गंजावर वाकत, झाकण थोडं सरकवत आणि डोळे मिटून वाफ आत घेत. मीठ कमी असलं तर कच्च्या तिखटाचा वास टोचतो आणि पुरेसं असलं तर तोच वास मऊ होतो, असं ते सांगत. खरं-खोटं मारोतीराया जाणे, पण त्यांनी मान डोलावलेली भाजी कधी अळणी निघाली नव्हती. रोडगा आतून कच्चा आहे की शिजला, हेही ते आराजवळून चालता चालता सांगत. तीन एकर काळी जमीन, एक मुलगा, डोक्यावर पांढरी टोपी, अशी चारचौघांसारखीच त्यांची ओळख होती. पण वर्षातले ते दोन दिवस गाव त्यांच्या तोंडाकडे बघत असे, आणि नत्थुजी उरलेलं वर्ष त्या दोन दिवसांच्या जोरावर ताठ चालत.

आराजवळची ती जागा आधी त्यांच्या थोरल्या भावाची, खुशालरावांची होती. नत्थुजी त्यांच्याच हाताखाली शिकले. खुशालराव जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या बायकोनं, जयवंताबाईंनी, दारची म्हैस काही विकली नाही. दत्तजयंतीच्या नैवेद्याचं तूप त्यांच्याकडून यायचं. दिवाळीपासून लोणी जमवायचं, त्यात दुसऱ्या कोणाचं मिसळायचं नाही आणि आदल्या दिवशी कढवायचं. नवऱ्याच्या नावानं त्यांनी चालवलेलं हे एवढंच.

त्या वर्षीच्या दत्तजयंतीलाही जयवंताबाईंनी डबा आणून ठेवला. नत्थुजींनी झाकण काढलं, नाक खाली नेलं आणि डोकं झटक्यानं मागे घेतलं.

"हे तूप लागन नाई," ते म्हणाले. "कुजल्यावानी वास येऊन राह्यला."

देवस्थानाचं सगळं बघणारे महादेवराव पुढे होऊन वाकले. "मले तं काई येत नाई बाप्पा."

"तुमच्या नाकाले तपकीर सोडून काय समजते?"

माणसं हसली. वांगी चिरणाऱ्या बायकांचे हात थांबले. जयवंताबाई तिथूनच म्हणाल्या, "कालच कढवलं वो भाऊजी. लवंग टाकून."

"वयनी, माह्यं नाक खोटं बोलत नाई."

जयवंताबाई उठल्या, डब्याला झाकण लावलं, वर पदर घेतला आणि डबा काखेत धरून घरी गेल्या. पंगतीला त्या परत आल्या नाहीत. तूप तेल्हाऱ्याच्या दुकानातून आलं.

गावात अशा गोष्टी तेवढ्यावर थांबत नसतात. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बायकांनी जयवंताबाईंकडून विरजण न्यायचं बंद केलं. तोंडानं कोणी काही बोललं नाही, फक्त वाटी घेऊन येणाऱ्या पोरी दुसऱ्या दाराकडे वळू लागल्या. जिच्या विरजणाचं दही निम्मी गल्ली खायची, तिच्या चुलीजवळचं दह्याचं मडकं आता एकटीपुरतं भरलं जाऊ लागलं.

एक गोष्ट मात्र नत्थुजींनी कोणाला सांगितली नव्हती. दुकानातून आलेल्या तुपालाही तसाच वास आला होता.

आपल्याच हाताला लागला असेल, असं त्यांनी त्या दिवशी स्वतःला समजावलं. पण मग तो वास चहाला येऊ लागला. नव्यानं धुतलेल्या दुपट्ट्याला आला. आरतीतल्या कापरालाही आला, तेव्हा मात्र ते हादरले. उंदीर मरून पडलेल्या कोठीचा असतो तसा वास होता तो. गोदाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, घर दोनदा उपसून झाडलं, धान्याच्या कोठ्या उन्हात काढल्या. उंदीर सापडला नाही.

त्यात गाल दुखू लागला. डाव्या डोळ्याखाली कोणी दगड बांधून ठेवलाय असं वाटायचं, आणि खाली वाकलं की तो दगड पुढे सरकायचा. सकाळी उठल्यावर बेताचं असायचं, ऊन वर चढलं की डोकंही चढायचं.

गोदाबाईंनी निदान केलं. "अर्धं डोकं दुखते, सूर्यासंगं चढते. अर्धशिशी हाय. जिलबी लागते त्याले."

वऱ्हाडातच काय, चार जिल्हे पलीकडेही हा इलाज सगळ्यांना तोंडपाठ आहे. दिवस उगवायच्या आत उठायचं, पूर्वेकडे तोंड करून बसायचं आणि कोणाशी एक शब्द न बोलता गरम दुधात भिजवलेली जिलबी खायची. मुलगा नितेश अकोटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, तो रोज संध्याकाळी येताना जिलबी आणायचा. नत्थुजी ओसरीत मुक्यानं बसून ती खायचे. कुजलेल्या वासाची ती जिलबी घशाखाली उतरवताना त्यांचं तोंड असं व्हायचं की गोदाबाई हात जोडायच्या, "बोलू नोका, बोलू नोका, इलाज मोडन." उरलेली जिलबी घरातले बाकीचे खायचे. आठवडाभरात नत्थुजी सोडून सगळ्यांचे गाल भरले.

मग तेल्हाऱ्याचे डॉक्टर झाले. त्यांनी सर्दी म्हणून गोळ्या दिल्या, वाफ घ्यायला सांगितली. गोळ्या असेपर्यंत वास कमी झाला, संपल्या की पुन्हा घरी आला. कोणी म्हणालं कापसाची धूळ, कोणी म्हणालं गवऱ्यांचा धूर. ऐकून ऐकून नत्थुजी गप्प झाले. त्यांच्या मनात वेगळंच शिजत होतं. कापरात कुजका वास, फुलांत कुजका वास. म्हणजे देवाच्या वस्तूत खोट नाही, आपल्या हातात आहे. मारोतीला आपला हात नकोसा झालाय. पुढच्या हनुमान जयंतीला आराजवळ बसायचं की नाही, हा विचार त्यांना गालापेक्षा जास्त दुखत होता.

सून प्रणाली हे सगळं बघत होती. तिचं माहेर अमरावतीचं. बी.एस्सी. झालेली, बोलायला थोडी, पण नजर अशी की धुण्याच्या ढिगातूनही बातमी काढील. नत्थुजींचे रुमाल तीच धुवायची. डागाचा रंग तिनं पाहिला होता, आणि सासरे नाक शिंकरताना कायम उजवी नाकपुडी दाबून डावीच मोकळी करतात हेही. एकदा दुपारी चहाचा कप पुढे ठेवत तिनं विचारलं, "मामाजी, रागावू नका. चहाला वास येतो म्हणता, पाण्याला येतो म्हणता. आम्हाला कोणालाच येत नाही. मग वास चहात आहे का?"

नत्थुजींनी तिच्याकडे पाहिलं. "मंग कुठं हाय?"

"ते अकोल्याला विचारू."

अकोल्यात नाक-कान-घशाच्या डॉक्टर गुलनार यांच्याकडे गर्दी होती. पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवून बोलणाऱ्या बाई. नत्थुजींनी तूप सोडून सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मध्ये फक्त दोनदा विचारलं.

"काका, नाकातून पाणी एकाच बाजूनं येतं?"

"डाव्या."

"आणि हा वास घरात दुसऱ्या कोणाला?"

"कोनालेच नाई. म्हनून तं सगळे मले येडा समजून राह्यले."

"अजिबात येडे नाही तुम्ही. वास खरा आहे."

हे ऐकल्यावर नत्थुजी खुर्चीत एकदम सरळ झाले. एवढ्या दिवसांत असं म्हणणारं पहिलं माणूस भेटलं होतं.

डॉक्टरांनी नाक बधिर करणारा फवारा मारून काडीसारखी बारीक दुर्बीण आत सरकवली. पडद्यावर ओलसर गुलाबी बोगदा दिसला आणि आतल्या एका घडीआडून ओघळणारी पिवळी धार. प्रणालीनं मान पुढे केली. डॉक्टरांनी दुर्बीण काढली, हातमोजा बदलला आणि म्हणाल्या, "आता तोंड उघडा. वरच्या दाढा कशा आहेत?"

नत्थुजींना हा प्रश्न आवडला. "दातं म्हनजे लोखंड! ही डावी दाढ एका साली लय ठनकली. रुईचा चीक भरला अन् काम खतम. तवापासून हूं नाई का चूं नाई. अर्ध्या गावाले म्या हाच इलाज सांगतला."

डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला. "काका, तुमच्या घरातलं एक माणूस सारखं कण्हत होतं. एक दिवस अचानक गप्प झालं, आणि मग इतकी वर्षं एक शब्द नाही. तुम्ही काय समजाल?"

नत्थुजी म्हणाले, "मेलं म्हनन."

"दात मेला. चिकानं आतली नस मारली, म्हणून दुखणं थांबलं. मेलेलं आतल्या आत सडत गेलं, आणि वर कुठे गेलं ते आपण फोटोत पाहू."

सीटी स्कॅनचा फोटो त्यांनी उजेडासमोर धरला. उजव्या गालाच्या हाडात काळी पोकळी होती. काळं म्हणजे हवा, म्हणाल्या. डावीकडे तशीच पोकळी, पण भरलेली, राखाडी. तिच्या तळाशी दाढेची मुळं टेकलेली आणि एका मुळाच्या टोकापाशी हाडच खाल्लेलं.

"प्रत्येकाच्या गालात अशी रिकामी खोली असते. हाच सायनस. पण तिचं दार वर आहे, छताजवळ. त्यामुळे खाली साचलेलं सहजासहजी बाहेर पडत नाही."

"पेव," नत्थुजी हळूच म्हणाले.

त्यांच्या लहानपणी शेजारच्या आवारात धान्याचं पेव होतं. जमिनीत खोल खणलेलं, तोंड वर. एका साली त्याच्या तळातून ओल चढली. वरचं धान्य चांगलं दिसत होतं म्हणून कोणाला पत्ता लागला नाही, आणि तोंड उघडलं तेव्हा गल्लीभर माणसं नाकाला धोतर लावून पळाली होती.

"हां, तसंच. खालून ओल येते आहे," डॉक्टर म्हणाल्या. "गोळ्यांनी वरवरचं सुकतं, पण ओल थांबत नाही तोवर पुन्हा भरतं. एकाच बाजूचा सायनस आणि त्यात असा घाण वास असला की मी आधी वरचा दात बघते. दाढ काढावी लागेल. एवढ्यानं भागलं तर उत्तम. नाही भागलं तर दुर्बिणीनं आतलं दार मोठं करून धुऊन घेऊ."

प्रणालीला राहवलं नाही. "आम्ही अर्धशिशी समजून जिलबी देत होतो."

"अजून देता?"

"नाही, आता आम्हालाच कंटाळा आला."

डॉक्टर मोठ्यानं हसल्या. नत्थुजी हसले नाहीत. फोटोतला तो राखाडी गाल ते बघत होते. वास चहाला नव्हता, कापराला नव्हता, दुपट्ट्याला नव्हता. मग डब्यालाही नव्हता.

दातांचे डॉक्टर संघपाल दोन गल्ल्या सोडून बसायचे. तरुण, बोलके. त्यांनी बर्फाचा तुकडा शेजारच्या दाढेला लावला तेव्हा नत्थुजी ओरडले, चीक भरलेल्या दाढेला लावला तेव्हा नुसते बघत राहिले.

"काही समजलं?"

"तुमी लावला काय?"

"लावून काढलाही."

आधी दिलेल्या गोळ्यांचे दिवस पुरे झाल्यावर दाढ काढायचं ठरलं. त्या दिवशी प्रणाली बाहेर बाकावर बसली होती. बऱ्याच वेळानं दार उघडलं, मदतनीस मुलगी काहीतरी न्यायला बाहेर आली, आणि तिच्यामागून तो वास आला. प्रणालीनं पदर नाकाला लावला. बाकावरच्या दुसऱ्या बाईनंही. उंदीर मेलेल्या कोठीचाच.

नत्थुजी गालात कापूस धरून बाहेर आले. बोलायची मनाई होती, तरी सुनेच्या पदराकडे पाहून ते कापसाच्या आडून म्हणाले, "आला ना? तुले बी आला ना?"

"आला, मामाजी."

"म्या खोटं नोतो बोलत."

त्यांचे डोळे भरले होते. एवढे दिवस एकट्यानं वाहिलेली गोष्ट कोणीतरी मान्य केली, याचं समाधान त्यांना झालं. पण ते क्षणभरच टिकलं. आपलं खरं ठरलं म्हणजे जयवंताबाईंचं तूपही चांगलं ठरलं, हे त्यांना त्याच बाकाजवळ उभं असताना पुन्हा टोचलं, आणि ते खाली बसले.

दाढेच्या जागी तोंडातून थेट त्या पोकळीत बारीकसं भोक पडलं होतं. संघपालांनी टाके घालून ते बंद केलं आणि बजावलं, "नाक शिंकरायचं नाही, तंबाखू बंद, काही ओढून प्यायचं नाही. शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडून द्यायची." नत्थुजींची तोंड उघडून दिलेली शिंक म्हणजे पुढचे पंधरा-वीस दिवस गल्लीतल्या कुत्र्यांना इशारा होता.

टाके सुकल्यावर ते भावाच्या घरी गेले. जयवंताबाई ओसरीत ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी सूप थांबवलं नाही.

"वयनी, दाढ काढली."

"दात दाखवाले आले काय?"

"नाई. ते तूप... तूप चांगलं होतं. वास माह्या गालात होता. डॉक्टरीन बाईनं फोटो काढून दाखोला."

सूप थांबलं. जयवंताबाईंनी पाखडलेली ज्वारी परातीत ओतली, कोंडा बाजूला सारला. मग म्हणाल्या, "बोल्ले कुठं होते तुमी?"

"आं?"

"कुठं बोल्ले होते? देवळामागं. साऱ्या गावासमोर. अन् आता ओसरीत येऊन कानात सांगून राह्यले. तुमच्या भावाच्या नावाचं तूप होतं ते. मले कानात नोका सांगू. जिथं बोल्ले तिथं बोला."

नत्थुजी मान खाली घालून घरी आले. बायकोला सांगितलं. गोदाबाई म्हणाल्या, "सगळं काहून सांगता? हनुमान जयंतीले त्याईचंच तूप आना, चांगलं हाय म्हना, झालं. नाक बिघडलं होतं म्हनून गावाले सांगसान तं उद्या कोन बसू देईन तुमाले आराजवळ?"

हेच तर होतं. जयवंताबाईंचं नाव धुवायचं तर आपल्या नाकाला नाव ठेवावं लागणार, आणि नाक गेलं की नत्थुजींजवळ गावात दुसरं काय होतं?

दाढ काढूनही नाकातलं पाणी पुरतं थांबलं नाही. डॉक्टर गुलनारांनी महिनाभर वाट पाहिली, पुन्हा दुर्बीण घातली आणि शेवटी ऑपरेशन केलं. भूल देऊन, नाकातूनच, बाहेर एक ओरखडाही नाही. आतलं दार मोठं केलं, साठलेलं सगळं धुऊन काढलं. दुसऱ्या दिवशी नत्थुजी घरी आले, आणि मग रोज मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुणं सुरू झालं. एका नाकपुडीतून पाणी घालायचं, दुसरीतून सोडायचं. शेजारची माणसं बघायला यायची.

गालावरचा दगड गेला. वाकलं तरी काही सरकेना. कुजका वासही गेला. पण त्याच्या मागे दुसरा कुठला वास आला नाही. चहा म्हणजे गरम पाणी. लसणाची फोडणी म्हणजे नुसता आवाज. नत्थुजींनी कापूर चोळून हुंगला, हिंगाची डबी हुंगली, शेवटी गोठ्यात जाऊन शेण हुंगलं. काहीच नाही.

"आतली सूज उतरायला वेळ लागतो," डॉक्टर फोनवर म्हणाल्या. "धुणं सोडू नका. बऱ्याच जणांचा वास परत येतो. कधी येईल, हे मी सांगू शकत नाही, काका. आणि पुरता येईल अशी खात्रीही देत नाही."

हनुमान जयंती तोंडावर आली होती. महादेवराव निरोप घेऊन आले, "नत्थुजी, गवऱ्या पाहून घ्या यंदाच्या." नत्थुजींनी पाहून घेतल्या. नाही म्हणायला तोंड उघडलं नाही.

जयंतीच्या दिवशी पहाटेच आर पेटला. कणकेचे गोळे वळून झाले, निखारे पसरले, रोडगे आत गेले. रोडग्यांचं नत्थुजींनी हातानं भागवलं. काठीनं एकेक उलटायचा, ठोकून आवाज ऐकायचा, एक फोडून पदर बघायचा. पण मोठ्या गंजात भाजी रटरटू लागली आणि गंजावरचं झाकण सरकवून ते वाकले, तेव्हा पटांगण नेहमीसारखं शांत झालं. पलीकडे बायका बसल्या होत्या. जयवंताबाईही होत्या, सगळ्यात मागे. डबा आणला नव्हता, पण वांगी चिरायला आल्या होत्या.

वाफ नत्थुजींच्या तोंडावर आली. गरम लागली, ओली लागली, एवढंच.

मान डोलवायची होती फक्त. अंदाजानं मीठ घातलेलंच होतं. आजवर इतक्या वेळा डोलवली, आणखी एकदा डोलवली असती तर कोणाला कळलं असतं?

त्यांनी झाकण खाली ठेवलं.

"महादेवराव," ते म्हणाले, "मले काई समजून नाई राह्यलं. माह्या नाकाले वासच येत नाई."

"ऑपरेशनचं असन. होईन बरं."

"होईन तवा होईन. पन दत्तजयंतीले बी समजत नोतं. माह्या गालात पू होता, सडक्या दाढेचा. त्याचा वास म्या वयनीच्या तुपावर घातला. तूप चांगलं होतं. तुमी वास घेतला, तुमचं खरं होतं, अन् म्या तुमाले तपकिरीचं बोल्लो. सगळ्याईनं आयकून घ्या. तूप चांगलं होतं."

भाजी रटरटत होती. निखाऱ्यांत एक गवरी बसली आणि ठिणग्या उडाल्या.

"मंग आता मीठ कोन सांगन?" महादेवरावांनी विचारलं. त्यांना नैवेद्याची वेळ दिसत होती.

नत्थुजी पलीकडे वळले. "वयनी, इकडे या."

"बायकाईनं आराजवळ?" कोणीतरी म्हणालं.

"खुशालभाऊ घरी जाऊन कोनाले इचारत होता, मीठ कसं होतं म्हनून? याईलेच. या वयनी. मले तुमच्याशिवाय उपाय नाई."

जयवंताबाई लगेच उठल्या नाहीत. वांगी चिरलेली विळी त्यांनी बाजूला सारली, हात धुतले, पदरानं पुसले. मग उठून आल्या. आराच्या अलीकडची ती न आखलेली रेघ ओलांडताना क्षणभर पाय अडखळला, तेवढंच. गंजावर वाकल्या, श्वास भाजीवर पडू नये म्हणून पदर तोंडावर नीट धरला, आणि डोळे मिटले. खुशालरावांसारखेच, हे नत्थुजींना आत्ता दिसलं.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या.

नत्थुजींनी मूठ भरली. "एवढं?"

"अजून."

"एवढं?"

"थोडं अजून. हां, बस."

नैवेद्य गेला, आरती झाली, पंगत बसली. नत्थुजी वाढत फिरले आणि सगळ्यात शेवटी, महादेवरावांच्या शेजारी, पानावर बसले. पहिला घास तोंडात घातला. वास नव्हता, पण जीभ शाबूत होती, आणि जिभेला मीठ कळत होतं. भाजी खारट झाली होती. खाऊ नये अशी नाही, पण चांगलीच. त्यांनी पंगतीवर नजर फिरवली. माणसं रोडगा जास्त आणि भाजी कमी घेत होती. कोणी बोलत नव्हतं, आणि त्या न बोलण्यात विरजणाच्या वाट्या पुन्हा दुसऱ्या दाराकडे वळताना नत्थुजींना दिसल्या.

"जरा खारट झालं बाप्पा," शेवटी महादेवराव म्हणालेच.

"झालं," नत्थुजी मोठ्यानं म्हणाले, पंगतीच्या त्या टोकाला ऐकू जाईल असं. "नाक वयनीचं होतं, मूठ माही होती. माह्याच मुठीतून जास्त सांडलं. बोलाचं असन तं मले बोला."

पाण्याची कळशी घेऊन जयवंताबाई पंगतीतून येत होत्या. त्या तिथेच थांबल्या.

"काहून लबाड बोलता, भाऊजी? म्याच जास्त सांगतलं. किती सालानं वास घेतला, चुकलं." मग महादेवरावांकडे वळल्या. "खारट लागलं ना? लागनच. पुढल्या टायमाले समजन."

पुढल्या टायमाले. महादेवरावांनी घास घेता घेता मान वर केली, हा शब्द ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि पेला पुढे केला. पंगतीच्या टोकाला कोणीतरी म्हणालं, "मारोतीरायाले बी आज तहान लागन." त्यावर पहिला हसण्याचा आवाज बायकांच्या बाजूनं आला.

जयवंताबाईंनी महादेवरावांचा पेला भरला, मग नत्थुजींसमोर वाकल्या.

"धरा पेला, भाऊजी. खारट म्या केलं, तं पानी बी मीच पाजीन."

नत्थुजींनी पेला धरला. पाण्याला कसलाच वास नव्हता. ते गटागटा प्यायले आणि पेला पुन्हा पुढे केला.